बाळ जागं आहे का, ताई?

तबक समोर आलं तेव्हा न्युंगचा हात सरळ पांढऱ्या फुलाकडे गेला.

विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. वू लान म्हणजे आईवडिलांच्या ऋणाचा सण. त्या पौर्णिमेला विहाराच्या पायरीवर पोरी तबकं घेऊन उभ्या असतात. एका अंगाला लाल गुलाब, दुसऱ्या अंगाला पांढरे. ज्याची आई आहे त्याने लाल लावायचा, ज्याची गेली त्याने पांढरा. न्युंगने जन्मभर लाल लावला होता. या उन्हाळ्यात आई गेली, तेव्हा आता पांढरा. फूल तिने उचललं खरं, पण टाचणी काही केल्या लागेना. शेजारी साऊ मावशी उभी होती. तिने न्युंगच्या हातातून फूल घेतलं, तिच्या सदऱ्यावर टोचलं, आणि मान तिरकी करून नीट बसलंय का ते पाहिलं.

"सरळ उभी राहा की. वाकडं दिसतंय," मावशी म्हणाली.

मागून ताम काकूचा आवाज आला. ताम काकू म्हणजे शेजारीण, आणि तिच्या तोंडाला झाकण देवाने द्यायचंच विसरलेलं. "अगं साऊ! तू धडधाकट दोन पायांवर उभी, आणि पोटची पोर पांढरं फूल लावतेय! वर टाचणी टोचायला तूच पुढे!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. सगळ्यांत जास्त हसली ती मावशी. "तुमचं आपलं काहीतरीच, वहिनी. तिची आई गेलीय. पोरीने पांढरंच लावायचं."

एवढं बोलून ती उदबत्त्या घ्यायला गेलीसुद्धा. न्युंग मात्र पायरीवरच उभी राहिली. ते फूल तिला एकाएकी जड वाटायला लागलं. पण काढून टाकायचं धैर्य तिला झालं नाही. काढलं असतं तर गेलेल्या आईचं काय, आणि नाही काढलं तर समोर उदबत्त्या मोजत असलेल्या या बाईचं काय. तिने काढलं नाही.

ताम काकू बोलली त्यात खोटं काही नव्हतं. न्युंगला जन्म दिला होता साऊ मावशीने.

साडेक शहराच्या पलीकडे, कालव्याकाठच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. न्युंगच्या बाबांची थोरली बायको दिएप. तिला मूल होईना. सासूने दुसरी सून शोधायला सुरुवात केली, तेव्हा दिएप म्हणाली, आणायचीच तर मी आणीन. आणि खरोखरच एकटी होडी वल्हवत कालव्याच्या वरच्या अंगाला गेली, चार घरं पाहिली, आणि साऊला घेऊन आली. रोडकी, काळीसावळी, खाली मान घालणारी पोर. सवत स्वतः निवडून आणली म्हणून गावात दिएपचं मोठं कौतुक झालं. निवडलेल्या पोरीला कुणी विचारलं होतं का, ते गावाला आठवत नाही.

पुढे साऊला मुलगी झाली. ती दिएपला आई म्हणायला लागली आणि साऊला मावशी. त्या मुलखाची रीतच तशी. धाकटीच्या पोटची असली तरी मुलं थोरलीची. रीत कुणी घातली म्हणाल तर थोरल्यांनीच घातली असणार. धाकट्या तेव्हा चुलीपाशी होत्या.

साऊ मावशी खरोखरच सगळा जन्म चुलीपाशी होती. घराचा धंदा तांदळाच्या पापडांचा. पहाटे तुसाची चूल पेटवायची, हंड्याच्या तोंडावर ताणून बांधलेल्या कापडावर पिठाचं पातळ पाणी पसरायचं, झाकण ठेवायचं, वाफ धरली की बांबूच्या कांबीने अलगद उचलून जाळीवर वाळत घालायचं. आई बाहेरचं सगळं बघायची. गिऱ्हाईक, बाजार, भांडणं. भांडणं जास्त. मावशी वाफेत बसलेली असायची. लहानपणी न्युंग डोळे चोळत उठून चुलीपाशी आली, की मावशी त्या दिवसाचा पहिला पापड उचलायची, त्यात खोवलेला नारळ आणि साखर घालून सुरळी करायची आणि न बघताच पुढे करायची.

"फाटलाय. खाऊन टाक."

रोज तेच. रोज पहिला पापड फाटायचा. न्युंगला वाटे, कापड थंड असतं म्हणून फाटत असेल. मोठेपणी ती स्वतः चुलीवर बसायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पहिला पापड बिलकुल फाटत नाही. उलट ताज्या कापडावरून तो सगळ्यांत छान सुटतो. चांगला पापड विकायचा असतो, त्यावर घराचा हक्क. फाटका मात्र कुणालाही देता येतो. मावशी रोज पहाटे एक पापड मुद्दाम फाडत होती.

हे कळलं त्या दिवशी न्युंगला रडू आलं, आणि तरीही ती मावशीला काही बोलली नाही.

आणि आई वाईट होती, असं मुळीच नाही. गोष्ट तशी असती तर किती सोपं झालं असतं! न्युंगला हिवतापाने घेरलं तेव्हा आई महिनाभर तिच्या उशाशी बसली होती, विडासुद्धा खाल्ला नव्हता, आणि विड्यावाचून आई म्हणजे कुंकवावाचून सवाष्ण. न्युंगला शाळेतून काढा म्हणणाऱ्या सासूला तिने सरळ सांगितलं होतं, पोरगी शिकेल, हवं तर मला काढा. लग्नानंतर न्युंगला मूल होईना तेव्हा गाव कुजबुजायला लागलं. तेव्हा आई ताम काकूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "माझी पोर माझ्यावर गेलीय. बोला आता." रक्ताचा एक थेंबही सारखा नव्हता दोघींत, आणि ताम काकूला तोंड उघडता आलं नाही. बाबा गेल्यावर दोघी सवती एकाच छपराखाली राहिल्या, एकीने बोलायचं आणि दुसरीने ऐकायचं, आणि एकमेकींवाचून त्यांचं पान हलत नसे.

शेवटच्या आजारात आई एका दुपारी न्युंगला म्हणाली, "दार लोटून घे."

न्युंगने दार लोटलं. बाहेर मावशी पेज ढवळत होती, पळीचा आवाज येत होता.

"तू झालीस तेव्हा तिच्या खाटेखालचे निखारे मी राखले," आई म्हणाली. "महिनाभर. शेक-शेगडी, पाणी, सगळं मी. तिची आई आली असती तर तिने केलं नसतं इतकं केलं. खोटं वाटत असेल तर विचार तिला."

"खोटं कशाला वाटेल, आई?"

"महिना भरला. पाहुणे जेवून गेले, आणि मी तुला उचलून माझ्या खोलीत आणलं. ती काही बोलली नाही. मग रोज यायची. दाराशी उभी राहायची, हाताचा धूर धुऊन. आत पाऊल टाकायची नाही. म्हणायची, ताई, बाळ जागं आहे का?" आई थांबली. श्वास पुरत नव्हता. "भुकेच्या वेळी तुला तिच्याकडे द्यावंच लागायचं. एरवी नाही. तू जागी असायचीस, हातपाय नाचवत असायचीस. आणि मी सांगायची, झोपलंय, साऊ. उठलं की हाक मारते. ती बरं ताई म्हणून जायची."

न्युंगने तिच्या पाठीमागे उशी सरकवली.

"भीती वाटायची मला. तुला तिचा वास कळेल म्हणून. कळला असता तर माझ्याजवळ काय राहिलं असतं?" आईने तिचं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण आवाजात होता. "माझ्या माघारी तिला आई म्हण. ती म्हणू द्यायची नाही. तरी म्हण. मी तिला कधी हाक मारली नाही, न्युंग. तू मार."

"हो," न्युंग म्हणाली.

नवव्या दिवशी आई गेली.

आता सांगा, एवढं सगळं ऐकल्यावर त्या वू लानला न्युंगने काय करायला हवं होतं? लाल फूल उचलायचं आणि मावशीला मिठी मारायची. पण माणसाचा हात सवयीने जातो. आणि खरं सांगायचं तर नुसती सवय नव्हती. आईला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. तोच शब्द दुसऱ्या कुणाला द्यायचा म्हणजे आईची जागा अजून थंडही झाली नाही तोवर तिच्यावर दुसऱ्याला बसवल्यासारखं न्युंगला वाटे. वर्षश्राद्ध होऊ दे, तिने मनाशी ठरवलं. मग म्हणेन. पुढच्या वू लानला लाल फूल लावीन, सगळ्या गावासमोर. मावशी कुठे पळून चालली आहे?

मावशी पळून गेली नाही. पण एका पहाटे न्युंग उठून आली तर मावशी चुलीपाशी बसून कापडावर पीठ पसरत होती, झाकण ठेवत होती, उचलायला बघत होती, आणि चुलीत विस्तवच नव्हता. कच्चं पीठ हंड्याच्या कडेने ओघळून जमिनीवर आलं होतं.

"आज वाफ धरत नाही," मावशी म्हणाली. "तूस ओलं आहे."

न्युंगने हसून चूल पेटवली. म्हातारपण, दुसरं काय.

मग मावशी रांजणात मीठ घालायला लागली. मग बाबांना जेवायला वाढायला लागली. न्युंगचा नवरा मालवाहू होडीवर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. तो आला तर हा कोण परका म्हणून मावशी पदराआड जावं तशी डोक्यावरचा चौकडीचा पंचा पुढे ओढून बसली. जिल्ह्याच्या डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, आणि न्युंगला बाजूला घेऊन सांगितलं की या गोळ्यांनी झोप लागेल. बाकी जे गेलं ते परत यायचं नाही, आणि जे आहे तेही जाणार.

त्या दिवशी परतीच्या होडीत न्युंगने महिने मोजले. वर्षश्राद्धाची वाट बघण्याएवढा वेळ आता नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बरी होती. नारळ खोवत होती, तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. न्युंग तिच्यापुढे जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली.

मावशीची खोवणी थांबली. तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि ओलाच हात न्युंगच्या तोंडावर ठेवला. "हळू! ताई आत आहेत. ऐकतील ना!"

"ऐकू दे."

"वेडी का तू? काय वाटेल त्यांना? एवढं केलं त्यांनी तुझं. जा, आधी त्यांची माफी माग."

"आई गेली गं, मावशी," न्युंगच्या तोंडून निघून गेलं. मावशी! दातांनी जीभ चावावी असं झालं तिला.

मावशीने ऐकलं, आणि तिचा चेहरा गळून गेला. "कधी?" तिने विचारलं. "मला कुणी सांगितलं नाही. ताई गेल्या आणि मला सांगितलंसुद्धा नाही?" आणि मग ती रडायला लागली, जमिनीवर हात आपटून, जशी प्रेताजवळ रडली होती तशीच. दुपारपर्यंत रडली. संध्याकाळी विसरली, आणि ताईंसाठी पेज घेऊन आतल्या खोलीत गेली.

यानंतर न्युंगने तिला आई गेल्याचं सांगितलं नाही. दरवेळी नव्याने सवत मारायची आणि दरवेळी नव्याने तिला रडवायचं, हे कुणाच्याने होईल?

आणखी काही महिन्यांनी सांगायची गरजच उरली नाही. मावशीला ताई सापडल्या. एका सकाळी न्युंग अंगणात कंबरेवर हात ठेवून तूसवाल्याशी हुज्जत घालत होती. माप कमी होतं, आणि न्युंगचा आवाज चढला होता. मावशी ओट्यावरून बघत होती. तूसवाला गेला तशी ती जवळ आली आणि अदबीने म्हणाली, "ताई, तुम्ही उन्हात उभ्या राहू नका. मी आणते पोतं आत."

न्युंगला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण चूक नव्हती. उभं राहणं आईचं, भांडणं आईचं, अंगावरचा तपकिरी सदराही आईचाच. "माझी पोर माझ्यावर गेलीय" म्हणून आई शेजाऱ्यांच्या अंगणात गरजली होती ना? तेच आता खरं होऊन समोर उभं राहिलं होतं.

"मावशी, मी न्युंग."

मावशी हसली. मोठ्यांनी केलेल्या थट्टेला हसतात तसं, तोंडावर हात ठेवून. "ताई पण ना! न्युंग एवढीशी, झोळीत मावणारी. गरिबाची चेष्टा करता होय?"

त्या दिवसापासून ती दुपारी आतल्या खोलीच्या दाराशी यायला लागली. हात धुऊन, उंबऱ्याबाहेर पाय जुळवून. "ताई, बाळ जागं आहे का?"

पहिल्यांदा न्युंग उठून दाराकडे निघाली. ती पोचायच्या आत मावशी आपणच म्हणाली, "झोपलं असेल. असू दे, असू दे." आणि परत गेली.

न्युंग रोज पहाटे पहिला पापड मुद्दाम फाडायची, नारळ-साखर घालून मावशीच्या हातात द्यायची. "फाटलाय, खाऊन टाक." मावशी घ्यायची आणि खात मात्र नसे. एकदा तिची उशी उन्हात घालायला उचलली, तर अभ्र्यात वाळून कडक झालेल्या सुरळ्या निघाल्या, मुंग्या लागलेल्या. न्युंगने उशी झटकली, अभ्रा धुतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून उशीत पुन्हा सुरळ्या जमायला लागल्या.

असं करत वू लान आलं. 

न्युंगने पहाटेच चूल पेटवली, दिवसाचा पहिला पापड फाडून मावशीला दिला, मग तिला आंघोळ घातली, राखाडी सदरा घातला, केस विंचरले. विहाराच्या पायरीवर तबक घेतलेली पोरगी नवी होती. न्युंगने लाल फूल उचललं. या खेपेला टाचणी पहिल्या फटक्यात लागली. ताम काकू शेजारीच उभी होती. ती न्युंगच्या सदऱ्याकडे बघत राहिली. तिने नुसती न्युंगची पाठ थोपटली.

न्युंग मावशीसमोर गुडघे टेकून बसली. लोक बघत होते. बघू देत. "आई," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आई, मी तुझ्यासाठी लाल फूल लावलंय."

मावशीने मागे वळून पाहिलं. कुणाची आई आली आहे ते तिला दिसेना. मग तिची नजर फुलावर गेली आणि तोंड उजळलं. "ताई, तुमच्या आई आहेत अजून? किती छान. उठा, उठा, मला खाली बसू दे. तुम्ही कुठे माझ्या पाया पडता, लोक मला नावं ठेवतील."

"आजी, तुम्हाला कुठलं?" तबकवालीने विचारलं.

"मला पांढरं, बाळ. माझी आई केव्हाच गेली." मावशीने पांढरं लावून घेतलं आणि मग घुटमळली. आवाज खाली आणून म्हणाली, "एक लाल मिळेल का गं? घरी तान्हं आहे. त्याची आई आहे." तिने न्युंगकडे बोट केलं. "या काय. आमच्या ताई."

पोरीने तिला लाल फूल दिलं. मावशी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून घरापर्यंत आली. होडीतही तिने ते खाली ठेवलं नाही.

दुपारी न्युंग आतल्या खोलीत आईच्या खाटेवर बसली होती. ऊन जाळ्यांवरच्या पापडांवर पडलं होतं. मावशीची पावलं वाजली. उंबऱ्याबाहेर येऊन ती थांबली. हात धुतलेले, ओले. एका हातात लाल फूल, दुसऱ्यात सकाळची सुरळी.

"ताई, बाळ जागं आहे का?"

न्युंग उभी राहिली. "जागं आहे," ती म्हणाली. "आत ये."

मावशीचा विश्वास बसला नसावा. तिने आधी एक पाऊल आत टाकलं, मग दुसरं. इतक्या वर्षांत आजारपणाखेरीज, केरवाऱ्याखेरीज ती या खोलीत अशी बोलावून आली नव्हती. तिने खाटेवर पाहिलं. झोळी टांगायच्या कडीकडे पाहिलं. कोपऱ्यात पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं.

"कुठे आहे?"

"मीच," न्युंग म्हणाली. "मीच ते बाळ, आई. मोठी झाले मी. बघ ना माझ्याकडे. तू रोज पहिला पापड फाडायचीस माझ्यासाठी. मुद्दाम फाडायचीस, मला माहीत आहे. दे मला." आणि तिने मावशीच्या हातातून सुरळी घेतली आणि तोंडात घातली. लहानपणी खायची तशी, भराभर, गाल भरून. नारळ आंबला होता, पापड चामट झाला होता. तिने सगळा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मावशीच्या तोंडाकडे बघत होती. आता ओळखेल. आता नक्की ओळखेल.

मावशी रिकाम्या हाताकडे बघत होती. ओठ हलत होते. ताईंना उलटून बोलायची तिला आयुष्यात सवय नव्हती. शेवटी अगदी हळू म्हणाली, "ताई, तो बाळाचा होता."

न्युंगचा हात तोंडावर गेला.

"असू दे," मावशीने स्वतःच सावरून घेतलं. "तुम्हाला भूक लागली असेल. मी दुसरा करीन त्याला." पण डोळे खोलीभर फिरतच होते, खाटेखाली, दारामागे. श्वास वाढला होता. "ताई, बाळ कुठे आहे? तुम्ही म्हणालात जागं आहे. कुठे ठेवलंत त्याला? ताई?"

तिचा आवाज चिरायला लागला. आता ती रडली असती, आणि या रडण्याला संध्याकाळ कधी आली असती कोण जाणे. न्युंगने डोळे पुसले. सदरा नीट केला. कंबरेवर हात ठेवला, आणि तिच्या तोंडून आईचा आवाज निघाला, जसाच्या तसा.

"झोपलंय, साऊ. उठलं की हाक मारते."

मावशीचा जीव भांड्यात पडला. "बरं, ताई," ती म्हणाली. लाल फूल तिने खाटेच्या कडेला अलगद ठेवलं, पाठ न दाखवता उंबऱ्याबाहेर गेली, आणि तिथून वळून एकदा म्हणाली, "मी इथंच आहे."

चूल सकाळीच विझली होती. मावशी तिच्यासमोरच्या पाटावर जाऊन बसली, दाराकडे तोंड करून, हाक ऐकू यावी म्हणून.